केमो सुरू असताना काढा द्यावा का? हळद, गुळवेल आणि किडनी-लिव्हरबद्दलची माहिती

घरात कुणाची केमोथेरपी सुरू झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण एखादा उपाय सांगून जातो. कुणी गुळवेलीचा काढा सांगतं, कुणी हळदीच्या गोळ्या. 'झाडपाल्याचं आहे, अपाय तर होणार नाही ना?' असंही वर म्हणतात. पण केमो चालू असताना हे खरं धरून चालू नका.

केमोचा त्रास कुठे होतो?
डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून इको करायला सांगतात. सिस्प्लॅटिन किडनीला, तर मेथोट्रेक्सेट लिव्हर आणि किडनीला त्रास देऊ शकतं.

संशोधन काय सांगतं?
हळदीतल्या कुरकुमीनसारखे अर्क दिलेल्या उंदरांमध्ये ही हानी कमी झाल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण उंदराला गुण आला म्हणजे माणसाला येईलच असं नाही. शिवाय 100 ग्रॅम हळदीत कुरकुमीन साधारण 3 ग्रॅमच असतं, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं.

माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. रक्ताचा कॅन्सर असलेल्या 50 मुलांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. मिल्क थिसल या परदेशी काटेरी झाडाचा अर्क घेतलेल्या मुलांच्या लिव्हरच्या एका तपासणीत सुधारणा दिसली. पण तेवढ्यावरून हा अर्क सगळ्यांना द्या असं म्हणता येत नाही.

धोका कुठे आहे?
केमोची बरीच औषधं लिव्हरमधून बाहेर पडतात. अर्कामुळे औषध अंगात जास्त साचू शकतं किंवा त्याचा परिणामच कमी होऊ शकतो. कोरोनाकाळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांना लिव्हरची इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवलं. म्हणजे वेल ओळखण्यातही चूक होऊ शकते. केमोत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा कच्च्या पाल्याच्या रसातून जंतुसंसर्गही होऊ शकतो.

दवाखान्यात काय करतात?
सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर भरपूर सलाईन देतात. मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसनंतर ल्युकोव्होरिन देतात. हृदयासाठी गरजेनुसार डेक्सराझोक्सेन असतं. हे उपाय माणसांवर तपासलेले आहेत.

हे लक्षात ठेवा
• भाजी-आमटीतली नेहमीची हळद चालते. गोळ्या, अर्क, काढा मात्र विचारल्याशिवाय नको.
• आधीच काही सुरू असेल तर लपवू नका. बाटली किंवा पुडी डॉक्टरांना दाखवा. वैद्यांकडून औषध घेत असाल तर त्यांनाही केमोचे कागद दाखवा.
• काढ्याच्या भरवशावर केमोची तारीख चुकवू नका.
• 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, डोळे पिवळे होणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.