अप्रेंटिसशिप म्हणजे काय? कामाला लागण्याआधी करार तपासा

आमच्या मंचरमधून आयटीआय झालेली बरीच मुलं पुणे-नाशिक हायवेने चाकण एमआयडीसी गाठतात. फिटर ट्रेड करून मीही तिथं वर्षभर अप्रेंटिस होतो.

अप्रेंटिसशिप म्हणजे कारखान्यात काम करता करता शिकणं. त्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. दरमहा विद्यावेतन मिळतं. २०१६ च्या केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार उचलतं.

ट्रेनी आणि अप्रेंटिस एकच नाही
माझ्या बॅचचा एक मित्र एका वर्कशॉपमध्ये ‘ट्रेनी’ म्हणून लागला. काम माझ्यासारखंच, पण करार नोंदवलेलाच नव्हता. वर्षाअखेर मी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवलं. त्याला परीक्षेला बसताच आलं नाही.

एवढं नक्की करा
- अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर लॉगिन करून करार दिसतो का बघा. ट्रेड, कालावधी, विद्यावेतन तपासा.
- बँक खातं आधारला जोडा; सरकारी वाटा थेट खात्यात येतो.
- शिकलेलं रोज डायरीत लिहा. व्हर्नियर, ड्रॉइंग वाचणं परीक्षेत उपयोगी पडतं.
- मंजुरीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाइम लावता येत नाही, हे माहीत असू द्या.

वर्ष संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नसतं. पुढच्या गेटवर दाखवायला प्रमाणपत्रच हातात राहतं, म्हणून करार आधी बघा.