मालक नसलेलं जाळं

अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांनी गादी चालवली नाही, कुणाला शिष्य केलं नाही. तरी ऋणमोचनचा घाट झाला, पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. असंच मालक नसलेलं जाळं आज इंटरनेटवरही दिसतं: २०१६ साली आलेल्या मॅस्टोडॉनसारख्या समाजमाध्यमांवर कुठल्याच एका कंपनीची मालकी नसते. सर्व्हर वेगवेगळे, प्रत्येकाचे नियम त्याचे, तरी संवाद सगळ्यांशी. वऱ्हाडाने ही रीत आधीच अनुभवली आहे, असं माझं मत आहे. बाबा दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्रीच्या कीर्तनात वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचे. उत्तर द्यायचं ते समोरच्या माणसांनी. बोलण्याचा हक्क असा गावोगाव वाटला गेला.

कुणी म्हणेल, केंद्र तर खुद्द बाबाच होते, आणि १९५२ मध्ये त्यांच्या नावाने मिशनही निघालं. ओढ त्यांच्याकडे होती, हे खरंच. मालकी मात्र त्यांनी धरून ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. माझ्या लेखी हा पुरावा सर्वांत भक्कम आहे. नव्या माध्यमांची खरी अडचण वेगळीच आहे: मालक नसला तरी शिवीगाळ, अफवा कुणीतरी साफ कराव्याच लागतात, आणि बहुधा ते काम मोजक्या स्वयंसेवकांवर पडतं. तिथे खातं उघडणाऱ्याने झाडलोटीतला आपला वाटा उचलावा.