व्हिटॅमिन ई आणि त्वचा: कॅप्सूल फोडून लावण्याआधी हे वाचा

मुरमाचा डाग राहिला, ऑपरेशनचा व्रण दिसू लागला किंवा कुकरच्या वाफेने भाजलेली जागा काळी पडली, की घरात कोणीतरी हमखास सांगते, "व्हिटॅमिन ईची कॅप्सूल आण, फोड आणि रात्री लावून झोप." सल्ला मायेपोटी दिलेला असतो. पण क्रीममध्ये थोड्या प्रमाणात मिसळलेले व्हिटॅमिन ई आणि कॅप्सूलमधले घट्ट तेल यांत बराच फरक आहे.

त्वचेत व्हिटॅमिन ई काय करते?

हे तेलात विरघळणारे जीवनसत्त्व आहे. ते आहारातून मिळते आणि त्वचेतल्या तेलग्रंथींच्या स्रावाबरोबर वरच्या थरापर्यंत पोहोचते. ऊन आणि प्रदूषण यांमुळे त्वचेत अतिक्रियाशील कण (फ्री रॅडिकल्स) तयार होतात. ते पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांना इजा करतात. व्हिटॅमिन ई ही साखळी मध्येच तोडते, म्हणूनच त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. उन्हात मात्र त्वचेतला त्याचा साठा लवकर खर्च होतो.

क्रीममध्ये ते कशासाठी असते?

लेबलवर 'टोकोफेरॉल' किंवा 'टोकोफेरिल ॲसिटेट' लिहिलेले असेल, तर ते व्हिटॅमिन ईच. टोकोफेरॉल थेट काम करते, पण हवा आणि उजेडाने लवकर खराब होते. ॲसिटेट टिकाऊ असते. मात्र त्वचेत त्याचे टोकोफेरॉल व्हावे लागते आणि ते मर्यादित प्रमाणातच होते. अनेक क्रीममध्ये ते त्यातली तेले खवट होऊ नयेत म्हणूनही घातलेले असते.

कोरड्या त्वचेला मऊपणा देण्यासाठी अशी क्रीम चांगली असतात. व्हिटॅमिन सीबरोबर ते अधिक प्रभावी ठरते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई असलेल्या द्रावणात फेरुलिक ॲसिड मिसळल्यावर उन्हापासून मिळणारे संरक्षण सुमारे दुप्पट झाले. तरीही असे सीरम सनस्क्रीनच्या जोडीला लावायचे असते, सनस्क्रीनऐवजी नाही.

व्रणावर कॅप्सूलचे तेल लावावे का?

सहसा नको. १९९९ साली अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या १५ रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. प्रत्येकाच्या व्रणाच्या एका भागावर साधे मलम, तर दुसऱ्या भागावर त्याच मलमात व्हिटॅमिन ई मिसळून लावले. ९० टक्के व्रणांत व्हिटॅमिन ईचा फायदा दिसला नाही किंवा व्रण अधिकच वाईट दिसू लागला. तिघांपैकी एकाला तर त्याची ॲलर्जी आली.

मग शेजारणीचा डाग कसा गेला? बरेच डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात आणि श्रेय तेलाला मिळते. शिवाय मसाजचा आणि त्वचा ओलसर राहण्याचा फायदा साध्या पेट्रोलियम जेलीनेही मिळतो. वांगाच्या डागांवर नुसते व्हिटॅमिन ई पुरत नाही. तिथे रोजचे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेले उपचार लागतात.

कोणी जपून राहावे?

- मुरमे येणाऱ्यांनी: घट्ट तेलाने छिद्रे बुजून मुरमे वाढू शकतात.
- एक्झिमा किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी: खाज, लाली, बारीक पुरळ येऊ शकते. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर अशी ॲलर्जी बरी होताना नवा काळा डाग सोडून जाते. म्हणजे डाग घालवायला गेलो आणि डाग वाढवून आलो!
- ताजी जखम किंवा भाजलेली जागा असलेल्यांनी: उघड्या जखमेवर कॅप्सूलचे तेल लावू नका.

लावायचेच असेल तर

कॅप्सूलऐवजी त्वचेसाठी बनवलेले क्रीम घ्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावून बघा. खाज किंवा लाली आली नाही, तरच चेहऱ्याला लावा. त्रास झाला, तर ते लगेच थांबवा आणि जागा धुऊन टाका.

गोळी पोटात घ्यावी का?

शेंगदाणे, बदाम, सूर्यफुलाच्या बिया, करडईचे तेल आणि पालेभाज्या यांतून बहुतेकांची गरज भागते. बाजारातल्या ४०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल रोजच्या गरजेच्या कितीतरी पट असतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून अशा कॅप्सूल मनाने सुरू करू नका. आधीच घेत असाल, तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

व्रण वाढत असेल, टणक होऊन खाजत असेल, तर तो केलॉइड असू शकतो. त्यावर सिलिकॉन जेल किंवा इंजेक्शनसारखे उपचार लवकर सुरू केलेले बरे. तसेच तीळ किंवा डाग रंग-आकार बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल किंवा त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर तेल लावत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.