सफरचंदाच्या बागा आणि एका माशीची फारकत

सफरचंद हे अमेरिकेचे मूळचे फळ नव्हे. मध्य आशियात, तिएनशान पर्वताच्या उतारांवरील रानांत जन्मलेला हा वृक्ष व्यापारी तांड्यांच्या वाटांनी पश्चिमेस गेला, युरोपात शतकानुशतकांच्या कलमांनी आणि मशागतीने संस्कारित झाला, आणि सतराव्या शतकात वसाहतवाल्यांनी बरोबर नेलेल्या बियांतून व रोपांतून न्यू इंग्लंडमध्ये आणि हडसन नदीच्या खोऱ्यात रुजला. आरंभीच्या काळात फळ खाण्यापेक्षा त्याचा रस आंबवून सायडर करण्याकडे लोकांचा ओढा अधिक असे, आणि बीपासून वाढवलेल्या झाडांची फळे तुरट-आंबट निघाली तरी त्याबद्दल कोणाची फारशी कुरकूर नसे. पुढे कलमी बागा वाढल्या, हडसनमधून आगबोटी चालू लागल्या, न्यूटाउन पिपिनसारख्या नामांकित वाणाची पिंपे थेट इंग्लंडच्या बाजारात जाऊ लागली, आणि एके काळी घरगुती पेयापुरती असलेली ही लागवड सबंध मुलखाचा एक प्रतिष्ठित धंदा होऊन बसली.

या बागाइती मुलखात, कुंपणांच्या आणि रानांच्या कडेला, हॉथॉर्न नावाचे एक काटेरी, लहानखुरे झाड पूर्वापार वाढत आले आहे. त्याची पिकलेली फळे आपल्याकडील रानबोरांएवढी, लाल आणि पिठूळ असतात, आणि बोरात जशी अळी निघते तशीच त्यांतही निघते. ती अळी घरमाशीहून लहान, काळ्या अंगाच्या आणि पंखांवर काळे पट्टे वागवणाऱ्या एका फळमाशीची असून शास्त्रात त्या माशीला ‘ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला’ म्हणतात. वसाहतवाल्यांची सफरचंदे सुमारे दोन शतके या माशीच्या शेजारी पिकत होती, पण तिने त्यांच्यावर हक्क सांगितल्याचा दाखला मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र हडसनच्या खोऱ्यातून आणि न्यू इंग्लंडमधून बागाइतदारांच्या तक्रारी कानी येऊ लागल्या: वरून निर्दोष दिसणारे फळ कापावे, तो आतला गर तपकिरी, वेड्यावाकड्या भुयारांनी पोखरलेला. त्यांना ती आपल्या उत्पन्नावर आलेली धाड वाटली, आणि ती तशी होतीही. परंतु निसर्गाच्या इतिहासात ज्या घटनांना तारखा सहसा लाभत नाहीत, त्यांपैकी एका घटनेची तारीख या तक्रारींनी आपल्यासाठी राखून ठेवली.

तिचे मोल प्रथम ओळखले ते बेंजामिन वॉल्श याने. केंब्रिजमध्ये शिकलेला हा इंग्रज १८३८ साली अमेरिकेत आला, इलिनॉयमध्ये त्याने शेती केली, रॉक आयलंड गावी इमारती लाकडाचा व्यापार केला, आणि पन्नाशीच्या सुमारास हे सगळे व्यवहार आटोपून कीटकांच्या अभ्यासाला स्वतःला वाहून घेतले. तरुणपणी केंब्रिजमध्ये डार्विनच्या खोलीवर जाऊन त्याने भुंगेऱ्यांचा संग्रह पाहिला होता. तो जुना परिचय सांगत १८६४ साली त्याने डार्विनला पत्र लिहिले, आणि त्याच वर्षी, वनस्पतिभक्षक कीटकांत अन्न बदलल्याने भेद कसे उपजतात व ते भेद वाढत जाऊन नव्या जाती कशा उत्पन्न होऊ शकतात, यावर एक प्रबंध प्रसिद्ध केला. सफरचंदाच्या अळीविषयी त्याने १८६७ मध्ये लिहिले. इलिनॉयमध्ये हीच माशी हॉथॉर्नच्या फळांत आढळत असे, मात्र तिथली सफरचंदे तिच्यापासून मुक्त होती; सबब पूर्वेकडील माशांपैकी काहींनी हॉथॉर्नची वहिवाट सोडून सफरचंद जवळ केले असावे, असा त्याचा निष्कर्ष होता. शेतकऱ्याच्या कैफियतीत सृष्टीच्या एवढ्या मोठ्या प्रश्नाचा पुरावा दडलेला असू शकतो, हे ध्यानी घेणारा विद्वान विरळा, आणि मला वाटते की वॉल्शला ते साधले याचे कारण त्याने स्वतः नांगर धरला होता. नोव्हेंबर १८६९ मध्ये आगगाडीच्या अपघाताने त्याचे देहावसान झाले, आणि त्याचा विचार पुढे कित्येक दशके दप्तरात पडून राहिला.

दरम्यान जीवशास्त्राने निराळीच दिशा धरली. दोन समूहांचा परस्परांशी संकर होईनासा झाला, म्हणजे एकाची जनुके दुसऱ्यात मिसळेनाशी झाली, की ते दोन भिन्न जाती झाले, हा विचार थिओडोसियस डॉबझान्स्की आणि अर्न्स्ट मायर यांनी सुप्रतिष्ठित केला. मायरने १९४२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, अशी फारकत होण्यास आधी भूगोलाने मध्ये पडावे लागते: डोंगर उठावा, समुद्र घुसावा किंवा थोडेसे जीव दूरच्या बेटावर जाऊन पडावेत, आणि अशा रीतीने वेगळ्या झालेल्या समूहांत नैसर्गिक निवड व यदृच्छा यांच्या योगाने जनुकांचे भेद साचत जावेत, कारण एकाच रानात, एकमेकांच्या दृष्टीसमोर वावरणाऱ्या जीवांत संकराने ते भेद पुनःपुन्हा पुसले जातील. युक्तिवाद भक्कम होता, आणि गॅलापागोसच्या पक्ष्यांपासून कितीतरी उदाहरणे त्याच्या बाजूने उभी होती. ज्या हार्वर्डमध्ये मायर स्वतः अधिकारपदावर होता, तेथेच गाय बुश या तरुण संशोधकाने ऱ्हॅगोलेटिस माशांचा अभ्यास हाती घेतला, आणि १९६६ च्या आपल्या प्रबंधात वॉल्शचे म्हणणे नव्याने मांडले.

बुशच्या म्हणण्यातील मर्म कळण्यास या माशीचे लग्नकार्य जवळून पाहावे लागते. नर फळावर येऊन बसतो आणि पट्ट्यांचे पंख हलवीत वाट पाहतो. मादी अंडी घालण्यासाठी येते, आणि त्यांचा समागम बहुधा त्या फळावरच होतो. नंतर ती आपल्या टोकदार अवयवाने साल टोचून आत एक अंडे ठेवते, आणि मग तोच अवयव फळाच्या पृष्ठावर टेकवीत फिरून असा एक गंध मागे ठेवते की, पुढे येणाऱ्या मादीने ‘जागा भरली’ असे समजून दुसरीकडे जावे. अळी गर खाते, फळ गळून पडते, अळी मातीत शिरून कोश करते, आणि हिवाळा सुप्तावस्थेत काढून पुढल्या उन्हाळ्यात माशी होऊन वर येते. जिथे जेवण तिथेच सोयरीक, असा हा संसार असल्यामुळे ज्या माशीला सफरचंदाचा गंध प्रिय तिला जोडीदारही सफरचंदावरच मिळतो, आणि दोन शाखांत मध्ये पर्वत नसतानाही भेट दुर्मिळ होते.

त्याहून बळकट भिंत काळाची आहे. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे अगोदर पिकते, आणि पूर्ण वाढलेली माशी जगते जेमतेम महिनाभर. म्हणून सफरचंदावरच्या माशीने लवकर उठावे आणि हॉथॉर्नवरच्या माशीने उशिरा उठावे, याला पर्याय नाही. लवकर मातीत गेलेल्या कोशाला हिवाळ्यापूर्वी उन्हाचे अधिक दिवस सोसावे लागतात आणि त्या उबेत अकाली जागे होणे म्हणजे मरण. तेव्हा सफरचंदाची शाखा गाढ निद्रेची होत गेली. हे अनुमानावर सोडलेले नाही. जेफ्री फेडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॉथॉर्नच्या माशांचे कोश हिवाळ्यापूर्वी मुद्दाम अधिक काळ उबेत ठेवले, तेव्हा जे वाचले त्यांची जनुकीय ठेवण सफरचंदाच्या माशांकडे झुकलेली आढळली. त्याआधी १९८८ साली मिशिगन व इलिनॉय येथील दोन स्वतंत्र गटांनी दाखवले होते की, शेजारशेजारच्या झाडांवरील या दोन शाखांत जनुकांच्या प्रमाणाचा निश्चित भेद आहे. पिढीगणिक शेकडा चार ते सहा या प्रमाणात अजूनही देवघेव होते, म्हणून त्यांना दोन जाती म्हणण्याची घाई शास्त्रज्ञ करीत नाहीत. पण एवढी देवघेव असूनही निवडीचा रेटा भेद टिकवून धरतो, यातच या माशीचे महत्त्व आहे.

पुढील संशोधनाने एक फेरफार सुचवला, आणि तो मायरला काहीसा न्याय देणारा आहे. निद्रेची मुदत ठरवणारी बरीच जनुके गुणसूत्रांच्या उलट्या फिरलेल्या भागांत एकत्र बांधलेली सापडली, आणि त्या उलथापालथी दहा लाख वर्षांहूनही जुन्या असून मेक्सिकोच्या उंच प्रदेशातील माशांकडून उत्तरेकडे आल्या असाव्यात, असे दिसले. म्हणजे भूगोलाने पूर्वी कधीतरी साठवलेले भांडवल सफरचंदाच्या बागेत खर्चास आले. मला हे उत्तर दोन्ही पक्षांच्या मूळ भूमिकांहून अधिक समाधानकारक वाटते, कारण त्यात प्राचीन विलगन आणि नवी संधी यांपैकी कोणालाही हद्दपार करावे लागत नाही.

फाटण्याची ही क्रिया माशीपाशी थांबलेली नाही. तिच्या अळीत अंडी घालणारी ‘डायाकॅस्मा अलोइअम’ ही एक बारीक परजीवी गांधीलमाशी आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सफरचंद, हॉथॉर्न, ब्लूबेरी अशा निरनिराळ्या फळांवरील माशांच्या मागे जाणाऱ्या तिच्याही समूहांत जनुकीय भेद पडू लागल्याचे आढळले. सफरचंदाची माशी स्वतः १९७९ मध्ये पॅसिफिक किनाऱ्याकडील पोर्टलंड शहरी सापडली, आणि आज वॉशिंग्टन राज्यातील बागाइतदार तिला आपल्या मुलखाबाहेर ठेवण्यासाठी झगडत आहेत. घरच्या झाडाची सफरचंदे बाधित भागातून बाहेर नेण्यास तेथे कायद्याची मनाई आहे, आणि तसे फलक रस्त्यांच्या कडेला लावलेले असतात. त्या किनाऱ्यावर देशी हॉथॉर्नही आहे आणि युरोपातून शोभेसाठी आणलेला हॉथॉर्नही; दोहोंची फळे वेगवेगळ्या वेळी पिकतात, आणि माशी दोहोंवर पोचली आहे.