सायडरचं पिंप आणि अबकारीचा माणूस

जत्रेत पेल्याला किती पैसे पडतात ते विकणारा सांगतो. त्यांतले सरकारने आधीच किती उचलले आहेत, हे सहसा कोणी विचारत नाही. इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी मात्र एकदा हा प्रश्न चांगलाच धसास लावला होता. त्याची ही हकीकत.

सफरचंदाचा रस आंबवला की सायडर होतो. डेव्हन, हेरफर्ड या प्रांतांत तो शेतावरच केला जाई. जानेवारीत बागेतल्या जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओतायचा, गाणी म्हणायची आणि पुढल्या बहरासाठी झाडाला आळवायचं, असा तिथला सण. मजुरीचा काही भागसुद्धा सायडरच्या रूपाने मिळे. ती चाल १८८७ साली कायद्याने बंद झाली.

१७६३ मध्ये सात वर्षांचं युद्ध संपलं, आणि सरकार कर्जात बुडालेलं. पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारने सायडरच्या पिंपामागे ४ शिलिंग कर बसवला, तोही करणाऱ्यावर! लोक खवळले ते निव्वळ पैशासाठी नव्हे, बरं का. अबकारीचा माणूस आता घरात शिरून पिंपं मोजणार, सणाला शेजाऱ्यांना पाजलेला सायडरही वहीत चढवणार, हे त्यांना सहन होईना. मला तर त्यांची तक्रार रास्त वाटते. १७६६ साली सरकारला माघार घ्यावी लागली आणि घरची झडती थांबली.

सायडरवर १९७६ मध्ये पुन्हा कर आला, पण बीअरपेक्षा हलका. १ ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये पेयातल्या मद्यार्काच्या प्रमाणावर आकारणी सुरू झाली आणि २० लिटर किंवा त्याहून मोठ्या पिंपातून ओतून दिलेल्या पेयाला ९.२ टक्के सूट मिळाली. तिथल्या बीअरच्या उत्सवांत माल पिंपातूनच देतात. हिशेब करून पाहा: ४ टक्के मद्यार्काच्या एका पाइंटवर, म्हणजे ५६८ मिलिलिटरवर, बीअरला सुमारे ४३ पेन्स अबकारी पडली, तर सायडरला २०. त्यावर मंडपाचं भाडं, मजुरी, नफा. आणि या सगळ्या बेरजेवर, अबकारीसकट, २० टक्के मूल्यवर्धित कर. म्हणजे करावरही कर!

वर्षाला ७००० लिटरच्या आत सायडर करणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला मात्र ही अबकारी माफ आहे.