मनाचा डॉक्टर कुणाचा?

मी साच्यावर उभा राहणारा कामगार. धागा सारखा तुटायला लागला की आम्ही नुसता धागा नाय बघत. साचा बघतो, कापूस बघतो. माणूस तुटला तर मनाच्या डॉक्टरानं काय बघावं?

आमच्या सोलापुरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्यानं कैकाडी, पारधी जन्मानंच चोर ठरवले. तारेच्या कुंपणात कोंडले, हजेरी लावली. 1952 साली कायदा गेला. पण कुंपण आजोबानं भोगलं, तरी पोलिस दिसला की नातवाच्या छातीत धस्स होतं. हा इतिहास ठाऊक नसलेला डॉक्टर त्यालाच संशयी म्हणणार.

मग डॉक्टर आपल्यातला पायजे? पायजेच. पण तेवढ्यानं भागत नाय. लांबचा दाखला घ्या. फ्रान्झ फॅनन हा मार्टिनिकचा काळा डॉक्टर, वर्णद्वेष अंगावर झेललेला. 1953 साली तो अल्जेरियात ब्लिदाच्या इस्पितळात गेला. युरोपी बायकांच्या वॉर्डात लागू पडलेले उपाय मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात फसले. त्याला अरबी येत नव्हती. मग त्यानं त्यांच्या रीतीचा कॉफीखाना उभा केला, त्यांचे सण पाळले, कथेकरी बोलावले. तवा कुठं वॉर्ड हलला.

आपल्याकडं मुंबईत मारिवाला हेल्थ इनिशिएटिव्हनं 2019 साली अभ्यासक्रम काढला. त्यात समलिंगी आणि ट्रान्स समुपदेशकच इतर समुपदेशकांना शिकवू लागले. भोगलेलं तिथं अभ्यासाचं हत्यार झालं.

जातीच्या जखमेसाठी अशी शाळा आपणच उभारायची. आपल्या पोरापोरींनी त्या खुर्चीवर बसावं, भोगलेलं सोबत न्यावं, आणि समोरच्याचं वेगळं दुःखही नीट ऐकावं.