किल्ली हरवल्यावर

अब्बा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेचं कुलूप मागे राहिलं, किल्ली मिळेना. तार घेऊन दुपारभर खटपट केली आणि शेवटी चावीवाल्या चाचांना घरी आणलं. त्यांनी ट्रंकेआधी अम्मीला बोलवायला सांगितलं. तिनं मान हलवल्यावरच कुलपात दोन थेंब तेल सोडलं.

श्रोतेहो, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत कुलपातली स्प्रिंग लवकर गंजते. झांझिबारची वकिली सोडून आलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली आणि पुढे स्प्रिंग नसलेलं कुलूपही काढलं.

अशा कुलपात पितळी पट्ट्या असतात. किल्लीचे दात प्रत्येकीला तिच्या ठराविक उंचीवर उचलतात, मगच खटका सरकतो. किल्लीशिवाय उघडणारा खटक्यावर हलका दाब ठेवतो आणि जी पट्टी अडते तिला आधी उचलतो. शिकाऊ माणसाचा हात नेमका इथंच जड पडतो. माझाही पडला.

लंडनच्या १८५१च्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकनानं चबचं नावाजलेलं कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं. ब्रामाच्या कुलपावर २०० गिनींची पैज होती; तिथं त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. चोरांना शिकवता काय, म्हणून ओरड झाली. चोरांना हे आधीच येतं, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. अंधारात राहतो तो घरमालक.

आमचं कुलूप उघडलं. आत अब्बांचे कपडे होते, आणि त्याच कुलपाची दुसरी किल्ली.